तिसरी ओळ किती वेळा म्हणायची

मित्रांनो, एकोडी गावातल्या एका घराच्या ओसरीत खुंटीवर मी वेटोळं घालून टांगलेली असते. नवख्या पाहुण्याला वाटतं, बैलाचं दावं असेल. मी दावं नाही. मी धान रोवायची दोरी आहे. अंबाडीची, आता बरीच जुनी, चार ठिकाणी सांधलेली. आपली गोष्ट सांगणाऱ्या वस्तू बहुतेक आपल्या कष्टांची आणि कौतुकाची गोष्ट सांगतात. माझ्याकडेही तेवढं आहे. पण माझ्या मनात जी गोष्ट आहे ती लाजेची आहे. थोडी माझ्या लाजेची आणि थोडी दामिनीच्या.

दामिनी या घरची लेक. भंडाऱ्याला कॉलेजात मराठी शिकवते. मी तिच्याहून वयानं लहान आहे. ती दहावीत होती त्या वर्षी गोमाजींनी, म्हणजे तिच्या बाबांनी, शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, अंबाडी पेरली होती. ती कापून त्यांनी बोडीच्या, छोट्या तळ्याच्या, पाण्यात कुजवली, सोलून तिचा वाक काढला, आणि एका संध्याकाळी अंगणात मला वळायला घेतलं. एक टोक गोमाजींच्या हातात, दुसरं गोदावरीबाईंच्या. गोदावरीबाई ही दामिनीची माय.

तेव्हा गावात कृषी सहायक येऊन सांगून गेला होता की धान कसंही विखरून रोवू नका, ओळीत रोवा, दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा. गोमाजी म्हणाले, "पोरीची पट्टी आनतो मोजाले." गोदावरीबाई थांबल्या नाहीत. त्यांनी आपला पंजा माझ्यावर पसरला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आणि जिथे करंगळी टेकली तिथे जुन्या लुगड्याची लाल चिंधी गाठ मारून बांधली. मग पुढची वीत, पुढची चिंधी. अशा ऐंशी गाठी झाल्या.

माझं काम कसं चालतं ते सांगते. चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, मला आडवी ताणतात. एका धुऱ्यावर गोमाजी माझं टोक धरून बसतात, समोरच्या धुऱ्यावर शेजारचे धनीराम. मध्ये आठ बाया वाकून उभ्या असतात. प्रत्येकीच्या वाट्याला माझ्या दहा गाठी. गाठीगाठीशी एकेक रोप चिखलात खोचायचं. आठही जणींचं झालं की मला उचलून वीतभर मागे घ्यायचं आणि पुन्हा ताणायचं. सात जणींचं झालं आणि आठवीच्या दोन गाठी राहिल्या, तर मला उचलता येत नाही. मी हलले तर तिची रोपं वाकडी लागतील.

बाया रोवताना गात. गाणी पुष्कळ होती, पण माझ्यासोबत चालणारं एकच होतं. त्यातले पऱ्हे म्हणजे धानाची कोवळी रोपं.

हाती हिरवे पऱ्हे वं
पायी निळं आभाळ वं
पान्यात पाहे पाखरू
आली सरत सकाळ वं

आधी एक बाई ओळ सांगायची, मागून बाकीच्या तीच ओळ म्हणायच्या. सांगणारी बाई तेव्हा गोदावरीबाईच असत. गाणं सुरू झालं की पहिल्या ओळीत चांगल्या हाताच्या बाईची पाच रोपं लागायची, दुसऱ्या ओळीत उरलेली पाच. तिसरी ओळ मागे राहिलेल्यांसाठी. आणि चौथ्या ओळीच्या शेवटी "वं" लांबला की गोमाजी आणि धनीराम मला उचलायचे.

तिसऱ्या ओळीचं खरं काम मला समजलं ते रुखमिणी आली त्या वर्षी. रुखमिणी ही धनीराम आणि ताराबाई यांची सून. चिखल्याच्या खाणकामगारांच्या वसाहतीत वाढलेली, बांधीत कधी पाय न घातलेली. पहिल्याच दिवशी ती पदर खोचून चिखलात उतरली आणि तिथेच खिळून उभी राहिली.

"खदानीतली हाये माई सून," ताराबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "नळाच्या पान्यावर वाढली. पाहा कशी उभी हाये, जशी बगळी!"

बाया हसल्या. रुखमिणीही हसली, पण तिचे कान लाल झाले होते.

गाणं सुरू झालं. दोन ओळी झाल्या तेव्हा रुखमिणीची तीन रोपं लागली होती. गोदावरीबाईंनी वाकल्या वाकल्याच मान वळवून रांगेवर नजर टाकली आणि तिसरी ओळ सांगितली. पान्यात पाहे पाखरू. बायांनी म्हटली. त्यांनी पुन्हा सांगितली. पुन्हा. रुखमिणीचं दहावं रोप लागेपर्यंत ते पाखरू अकरा वेळा पाण्यात पाहत राहिलं. मग कुठे सकाळ सरली आणि मला उचललं.

दुपारी धुऱ्यावर भाकरी सोडताना एक बाई म्हणाली, "आज तं पाखराचे डोळे दुखले असतील, पाहून पाहून."

गोदावरीबाई म्हणाल्या, "मागं राहिली तिचं नाव घ्याचं नाही वं. ओळ घ्याची."

एवढंच त्या बोलल्या. पण त्या दिवसापासून मला कळलं की आमच्या बांधीत मागे पडलेल्या बाईला कुणी "लवकर कर" म्हणत नाही. तिच्यासाठी सगळ्या जणी एक ओळ जास्त म्हणतात, आणि ती कोण हे गाण्याबाहेर कुणाला कळत नाही.

मित्रांनो, मला हे कळलं होतं, हे लक्षात ठेवा. म्हणूनच माझी लाज मोठी आहे.

माझं कौतुकही झालं. माझ्यामुळे बांधी रेघ मारल्यासारखी दिसायची. एका साली तालुक्याचे साहेब धुऱ्यावर उभे राहून रोपांच्या ओळींकडे बघत म्हणाले, "वा, काय सरळ तास आहेत!" त्यांनी फोटो काढला. त्या फोटोत मीही आले. तेव्हापासून माझ्यात एक ताठा शिरला. आपण सरळ आहोत, आपल्यामुळे सगळं सरळ आहे, असं मला वाटू लागलं. एखाद्या बाईचा धक्का लागून मी जराशी वाकले तरी मला राग यायचा.

दामिनी मात्र बांधीत कधी उतरली नव्हती. ती लहान असताना धुऱ्यावर यायची, तर गोदावरीबाई तिला पुस्तक देऊन बसवायच्या. "तुले कायले पाहिजे चिखल? तू वाच," असं म्हणायच्या. त्यात त्यांचा केवढा अभिमान होता! मुलगी वाचत गेली, भंडाऱ्याला वसतिगृहात राहिली, पुढे नागपूरला गेली, प्राध्यापक झाली. धानाच्या गावातली ही मुलगी शेकडो कविता वाचून मोठी झाली, पण हातात पऱ्हे कधी धरले नाहीत. तिची माय तिला धरू देत नव्हती.

मग एका जुलैत ती वही आणि मोबाइल घेऊन आली. तिला रोवणीच्या गाण्यांवर लेख लिहायचा होता. गाण्यांचा छंद, यमक आणि पुनरुक्ती यांचा अभ्यास. ती धुऱ्यावर छत्री धरून बसली, मोबाइलवर गाणं टिपू लागली आणि वहीत खुणा करू लागली.

अभ्यास तिनं मनापासून केला, हे मी सांगायलाच हवं. तिनं एकेक ओळीची अक्षरं मोजली. हाती हिरवे पऱ्हे वं, आठ. पायी निळं आभाळ वं, आठ. पान्यात पाहे पाखरू, आठ. आली सरत सकाळ वं, नऊ. तिनं ओळखलं की आभाळ आणि सकाळ हे यमक आहे आणि यमकानंतर "वं" परत येतो. तिसऱ्या ओळीत प हे अक्षर तीनदा येतं आणि ते कानाला गोड लागतं, हेही तिला दिसलं. आणि तिसरी ओळ किती वेळा म्हटली जाते, ते तिनं दर वेळी रेघा मारून मोजलं.

त्या पहिल्या साली तिसरी ओळ बहुतेक तीन वेळा होत होती.

दुसऱ्या साली ती पाच-सहा वेळा होऊ लागली. त्या साली माझ्या एका टोकाकडच्या दहा गाठींवर एक वेगळीच गोष्ट घडत होती. तिथे गोदावरीबाई रोवत. चार रोपं झाली की त्यांचा डावा हात माझ्यावर यायचा. नुसता टेकायचा नाही, मला धरायचा. त्या अंगाचा भार माझ्यावर टाकून क्षणभर थांबायच्या, आणि त्यांच्या बोटांतून मला त्यांचा श्वास लागायचा, तुटक तुटक. त्यांचा हात गार असायचा. सुरुवातीला असं क्वचित व्हायचं, पुढे प्रत्येक ओळीला होऊ लागलं.

मी ओढली जायचे. मधेच वाकायचे. धुऱ्यावरून गोमाजी ओरडायचे, "कोन ओढून राहिली वं दोरी? तास वाकडा होते न!"

"हात अटकला जी," गोदावरीबाई म्हणायच्या आणि हात काढून घ्यायच्या.

मित्रांनो, हात अटकला नव्हता हे मला माहीत होतं. त्यांचा श्वास माझ्यापेक्षा जवळून कुणी ऐकलेला नव्हता. आणि तरी गोमाजी ओरडले की मला बरं वाटायचं. माझा सरळपणा कुणी बिघडवत असेल तर त्याला बोल लागलेच पाहिजेत, असं वाटायचं. ज्या पंजानं मला माप दिलं, तोच पंजा आधारासाठी माझ्यावर टेकला, तर मला तो माझा अपमान वाटला.

तिसऱ्या साली गोदावरीबाईंनी ओळ सांगायचं काम सोडलं. गाता गाता त्यांना दम पुरेना. ओळ आता रुखमिणी सांगू लागली.

ताराबाई म्हणाल्या, "गोदावरी आता मालकीन झाली बाप्पा! गानंही दुसऱ्याच्या तोंडून करून घेते."

"तुले कायले जळन?" गोदावरीबाई म्हणाल्या. "तुह्या सुनेलेच तं मुकादम केलं मी."

सगळ्या हसल्या. ताराबाईही हसल्या, पण त्यांनी गुपचूप आपली जागा बदलली. त्या गोदावरीबाईंच्या शेजारी आल्या आणि आपल्या दहा गाठी झाल्या की पलीकडच्या दोन गाठींवरही हात मारू लागल्या. तरीसुद्धा रुखमिणीला तिसरी ओळ आठ-आठ, नऊ-नऊ वेळा घ्यावी लागत होती.

धुऱ्यावर दामिनीच्या वहीत रेघांच्या रांगा लांबत होत्या. तिनं हाक मारून विचारलं, "वहिनी, तिसरी ओळ इतक्या वेळा काहून म्हणता? मागच्या साली पाचच वेळा होती."

रुखमिणीनं तोंड उघडलं. गोदावरीबाईंनी वाकूनच तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

"गाता गाता होऊन जाते ताई," रुखमिणी म्हणाली.

दामिनीनं वहीत लिहिलं. पुढे लेखात ते वाक्य असं आलं: पुनरुक्तीचे कारण गाणाऱ्या स्त्रियांनाही सांगता येत नाही.

लेख छापून आला. लोकांनी नावाजला. त्या दिवाळीत दामिनी तो घेऊन घरी आली आणि ओसरीत माझ्याच खाली बसून तिनं मायला वाचून दाखवला. लेखात माझंही नाव होतं. "गाठींच्या दोरीमुळे गाण्याला आलेली शिस्त" असे शब्द होते. मी खुंटीवर फुलून गेले. तिसऱ्या ओळीबद्दल मात्र लिहिलं होतं की ती यमकात बसत नाही, तिच्या शेवटी "वं" नाही, आणि ती किती वेळा म्हणायची याला काही नियम नाही. तीन हंगामांत ही पुनरुक्ती तीनावरून नवावर गेली. ही रचनेची शिथिलता आहे, परंपरा सैल पडत चालल्याची खूण आहे. लेखाच्या शेवटी दामिनीनं गाण्याचा नीटनेटका पाठ दिला होता. त्यात तिसरी ओळ एकदाच होती आणि चौथीतलं नववं अक्षर काढून "सरे आता सकाळ वं" केलं होतं.

गोदावरीबाई लाल भाजीचं निवडण करत ऐकत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "सारं लिवलं बेटा तू. प तीनदा येते, हे तं मले आजवर मालूमच नोव्हतं."

"आवडलं का माय?"

"आवडलं. मंग तिसरी ओळ कायले लांबते, ते नाही भेटलं तुले?"

"त्याला कारणच नाही माय. सवय आहे ती. ढिलेपणा म्हण."

गोदावरीबाईंचे हात भाजीवर थांबले. मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, "असल. तू शिकली, तुले जास्त समजते."

त्या हसण्यात राग नव्हता. दामिनीला ते कौतुक वाटलं. मलाही तसंच वाटलं, आणि मनात मी म्हटलं, बरोबर आहे, ढिलेपणाच आहे, उगाच मला चिखलात ताटकळत ठेवतात.

धान घरात आलं आणि पौषात गोदावरीबाई गेल्या. दोन दिवस भंडाऱ्याच्या दवाखान्यात होत्या. तेराव्यानंतर ओसरीत बसून दामिनी बाबांना म्हणाली, "डॉक्टर म्हणत होते, दोन-तीन वर्षांपासून त्रास असणार. कुणाच्याच लक्षात नाही आलं का, असं विचारलं त्यांनी."

गोमाजी आपल्या तळहाताकडे पाहत होते. "दम लागते म्हने," ते म्हणाले. "मी म्हनलो, वय झालं." मी वर खुंटीवर होते. मला बोलता आलं असतं, तरी मी बोलले असते की नाही, कोण जाणे.

पुन्हा जुलै आला. दामिनीचा लेख आता एका पुस्तकात घेणार होते, विद्यार्थ्यांना अभ्यासाला लागेल असं पुस्तक. छापण्याआधी शेवटचं तपासायला त्याची पानं तिच्याकडे आली होती आणि आठ दिवसांत ती परत पाठवायची होती. ती पानं घेऊनच ती गावी आली. रोवणीचे दिवस होते. आठातली एक जागा रिकामी होती.

"मी उतरते," दामिनी म्हणाली.

गोमाजी म्हणाले, "तुले जमनार नाही. तुह्या मायनं तुले कधी..." आणि त्यांनी मला खुंटीवरून काढलं.

ती उतरली. साडीचा काचा मारून, चष्मा डोक्यावर सारून, चिखलात एकेक पाय शोधत आपल्या मायच्या दहा गाठींपाशी येऊन उभी राहिली. ताराबाईंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मास्तरीन बाई, पाय उचलून टाका. चिखल काही परीक्षा नाही घेत." बाया हसल्या. दामिनीही हसली.

गाणं सुरू झालं. हाती हिरवे पऱ्हे वं. तिचं एक रोप लागलं आणि उपटून आलं. पायी निळं आभाळ वं. दोन लागली. तिची पाठ भरून आली होती. रुखमिणीनं तिसरी ओळ सांगितली. पान्यात पाहे पाखरू. बायांनी म्हटली.

सवयीनं दामिनी मोजत होती. तिचे ओठ हलताना मला दिसत होते. तीन. चार. पाच. हात रोपं खोचत होता, मन रेघा मारत होतं. सात. आठ. आठव्या वेळी तिनं मान वर केली, ही ओळ अजून का संपत नाही ते बघायला.

सातही बाया हात मोकळे करून वाकूनच थांबल्या होत्या. रुखमिणी तिच्या बोटांकडे पाहत होती, आणि गात होती.

दामिनीचा हात एकदम माझ्यावर आला आणि तिनं मला गच्च धरलं. मी पार वाकले. धुऱ्यावर गोमाजींच्या हाताला ओढ बसली. या वेळी ते ओरडले नाहीत. दुसरं टोक धनीरामांनी थोडं सैल सोडलं.

नऊ, असं ती पुटपुटली. तेवढंच.

दुपारी धुऱ्यावर तिनं भाकरी हातात घेतली, पण खाल्ली नाही. शेजारी ताराबाई आणि रुखमिणी बसल्या होत्या.

"काकू," ती म्हणाली, "मागच्या साली नऊ वेळा होत होती ती ओळ. मायसाठी होती?"

ताराबाईंनी घास तोंडात घातला आणि सावकाश चावला. "जिच्यासाठी राहते तिच्यासाठी होती."

"त्याच्या आधीच्या साली पाच. तीही?"

रुखमिणी म्हणाली, "ताई, त्या ओळीले शेवटी वं नाही न. वं म्हनलं का ओळ बंद होते. म्हनून थ्या एका ओळीले वं नाही ठेवला. कितीकदाही म्हना. मले काकूनंच शिकवलं हे, तुमच्या मायनं. मी आली त्या साली माह्यासाठी अकरा वेळा झाली होती."

"आणि चौथीत एक अक्षर जास्त..."

"दोरी उचलाले वेळ नाही का लागत?" ताराबाई म्हणाल्या.

दामिनी खाली मान घालून बसली. मग तिनं विचारलं, आणि तिचा आवाज इतका लहान झाला होता की मला जेमतेम ऐकू आला, "मले काहून नाही सांगितलं कोणी? मी तीन साल इथं बसून होती. दर दिवशी मोजून राहिली होती."

ताराबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत टोमणा नव्हता. त्या खरंच बुचकळ्यात पडल्या होत्या.

"म्हनून तं नाही सांगितलं बाई," त्या म्हणाल्या. "तू मोजून राहिली होती. आमाले वाटलं, मोजते म्हन्जे समजलंच असल."

मित्रांनो, त्या दुपारी धुऱ्यावर बसलेल्या मुलीला जे वाटलं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. माझं मी सांगते. तिच्या वहीत तिच्या मायच्या दुखण्याची रोजची नोंद होती, आणि तिनं ती वाचली नाही. पण तिच्याजवळ नुसत्या रेघा होत्या. माझ्याजवळ मायचा हात होता. तो दोन वर्षं रोज माझ्यावर टेकत होता. तो निघाल्यावर मी एकदा तरी सैलच राहिले असते, त्या बाजूला झोळ दिला असता, तर गोमाजींनी उठून काय झालं ते बघितलं असतं. मी दर वेळी पुन्हा ताठ झाले.

संध्याकाळी ओसरीत दामिनीनं छपाईची पानं काढली. तिसऱ्या ओळीचा परिच्छेद तिनं एका उभ्या रेघेनं पूर्ण खोडला. शेवटचा नीटनेटका पाठही खोडला. मग बाजूच्या कोऱ्या जागेत लिहू लागली. पहिल्यांदा तिनं मायचं नाव लिहिलं. ते बघत राहिली, आणि तेही खोडलं.

गोमाजी दाराशी उभे होते. "कालेजातले सारे वाचतील न हे?"

"हो बाबा."

"लाज वाटल तुले."

"वाटू द्या," दामिनी म्हणाली.

लिहून झाल्यावर तिनं त्यांना वाचून दाखवलं. म्हणून मला ते माहीत आहे. तिनं असं लिहिलं होतं:

"तिसरी ओळ शेवटच्या बाईचा हात पोचेपर्यंत म्हणायची असते. तिला यमक नाही, कारण ती बंद व्हायची नसते. जिच्यासाठी ती म्हटली जाते तिचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून मीही घेत नाही. मी तीन हंगाम धुऱ्यावर बसून ही ओळ मोजली. आधी तीन, मग पाच, मग नऊ. त्याला मी ढिलेपणा म्हटलं. ती बाई कोण आहे, हे मी एकदाही मान वर करून पाहिलं नाही. ती माझ्या ओळखीची होती."

गोमाजींनी पंच्यानं तोंड पुसलं आणि ते बैलांना पाणी दाखवायला गेले.

दामिनी आणखी पाच दिवस राहिली. रोज बांधीत उतरली. दुसऱ्या दिवशी तिसरी ओळ तिच्यासाठी सात वेळा झाली, चौथ्या दिवशी चार. तिनं मोजलं नाही, ते मी मोजलं. पाचव्या दिवशी तिच्या दहा गाठी दुसऱ्या ओळीच्या शेवटाला प्रथमच पुऱ्या झाल्या. ती चिखलाचा हात कमरेला पुसून थोडी सरळ झाली. रुखमिणीनं तिसरी ओळ एकदा सांगितली आणि चौथीसाठी श्वास घेतला.

त्याच क्षणी दामिनीनं रांगेवर नजर टाकली. कुणाचा तरी हात मागे होता. आणि या मुलीनं, जिनं आयुष्यात चारचौघांत कधी गाणं म्हटलं नव्हतं, रुखमिणीच्या आधी तोंड उघडलं आणि बेसूर आवाजात तिसरी ओळ पुन्हा सांगितली. पान्यात पाहे पाखरू.

रुखमिणीनं चौथी ओळ गिळली. सगळ्या बायांनी दामिनीच्या मागून तिसरी म्हटली. मला कुणी उचललं नाही. मी चिखलात पडून राहिले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला थांबण्याचा राग आला नाही.

मित्रांनो, तुम्हीही कविता शिकाल. अक्षरं मोजाल, यमकं शोधाल, कोणती ओळ कितीदा आली ते लिहाल. जरूर लिहा, त्यात वाईट काही नाही. पण तुमच्या घरात, तुमच्या शेजारी कुणी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणू लागलं, कुणाचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ तुमच्या खांद्यावर राहू लागला, तर मोजणं तिथेच थांबवा आणि वळून त्या माणसाकडे बघा. मी वळले नाही, आणि आता जिच्याकडे वळून बघायचं ती राहिली नाही.